यूला घातलेले सात फेरे

शनिवार, २७ मे २००६

ही वही लिहिणं मला भाग आहे, कारण भाडेकराराच्या अकराव्या कलमात तसं म्हटलं आहे. चर्चच्या आवारातल्या कॉटेजमध्ये जो राहील त्याने आवारातल्या यू वृक्षाकडे रोज एकदा बघावं आणि दोन ओळी लिहून ठेवाव्यात. दोन वर्षांपूर्वी त्याची एक फांदी कुणाच्या तरी थडग्यावर पडली. इन्शुरन्सवाल्यांनी विचारलं, झाडाकडे कोण बघतं? कुणीच बघत नव्हतं, म्हणून हे कलम. कोणत्या भाषेत लिहायचं ते कलमात नाही. मी मराठीत लिहिणार. वाचा म्हणावं.

बाकी मी मजेत आहे. कॉव्हेंट्रीचं घर विकलं, नवऱ्याला, शशिधरना, जाऊन चार वर्षं झाली, आणि आता शेजारच्या भिंतीतून कुणाचा टीव्ही ऐकू येत नाही. थॉर्नस्टो हे हेरफर्डशरमधलं गाव म्हणजे चाळीस घरं, एक पब, एक पोस्ट ऑफिस आणि दर दुसऱ्या खिडकीत इंग्लंडचा झेंडा, कारण पुढच्या महिन्यात फुटबॉल. कॉटेजला दोन खोल्या, जाड भिंती, पूर्वेला स्वयंपाकघर. याहून जास्त मला काही नको होतं.

सामान आणायला मिहीर आणि वरदा मिल्टन कीन्सहून आले होते. मिहीर चौतीस वर्षांचा झाला तरी "आई, तुझा खुर्ची कुठे ठेवू?" असंच विचारतो. मी "तुझी खुर्ची" म्हणते, तो "तेच ते" म्हणतो, गेली तीस वर्षं. वरदा माझी सून. चार वर्षांपूर्वी साताऱ्याहून लग्न करून आली. मुलगी कामसू आहे, पण प्रत्येक गोष्ट विचारून करते. मिठाचा डबा उजवीकडे ठेवू की डावीकडे? अग ठेव कुठेही, हात आहेत मला.

झाड जागेवर आहे. (दोन ओळी झाल्या.)

सोमवार, २९ मे

बँक हॉलिडे. झाड नीट बघितलं.

बुंध्याचा घेर एकतीस फूट. साल तांबूस, पापुद्रे सुटलेली. पाला इतका काळा-हिरवा की त्याच्याखाली गवतसुद्धा उगवायला तयार नाही. फाटकावरच्या पाटीवर लिहिलं आहे की झाड सोळाशे वर्षांचं आहे. मी पुण्याची बी.एस्सी. आहे, सन १९६३, वनस्पतिशास्त्र. यूचा गाभा कुजून जातो, आतली वर्तुळं उरत नाहीत, मग वय मोजलं कशावरून? पोकळ वस्तूचं वय कुणीही काहीही सांगावं. माणसांचंही तेच आहे.

पोकळी मात्र मोठी आहे. बुंध्याला माणूस तिरका होऊन आत जाईल एवढी फट आहे आणि आत बसायला एक फळी. हिमालयात याचा भाऊबंद आहे, थुनेर. कॉलेजात त्याची एक वाळकी फांदी काचेच्या कपाटात होती. फळाचा लाल गर सोडला तर सगळं झाड विषारी. थोडा पाला खाल्ला की घोडा उभ्या उभ्या मरतो. हृदय मंद मंद होत जातं आणि थांबतं. असलं झाड लावायला इंग्रजांना कबरस्तानच सुचावं, हे एक बरं.

मिसेस प्रॉसर येऊन गेल्या. या चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चच्या किल्ल्या, फुलं आणि भांडणं सांभाळणाऱ्या. वय ऐंशीच्या आसपास. मुरंब्याची बाटली दिली आणि जाताना अंगावर फेकल्यासारखं सांगून गेल्या की झाडाला काही बांधू नका. मी म्हटलं, मी काय बांधणार, बकरी? त्या हसल्या नाहीत. या लोकांचा विनोद फक्त हवामानावर चालतो.

शुक्रवार, २ जून

आज इथलं पहिलं मयत पाहिलं. पलीकडच्या फार्मवरचे म्हातारे गृहस्थ. सहा माणसांनी शवपेटी खांद्यावर घेतली, ती चर्चमधून थेट खड्ड्याकडे न नेता आधी यूभोवती नेली, सूर्य फिरतो त्या दिशेनं, एक फेरा. पुढे मिसेस प्रॉसर. फेरा चालू असताना त्यांनी मेलेल्याचं नाव मोठ्यानं घेतलं. धर्मगुरू बाजूला उभा राहून स्वतःच्या बुटांकडे बघत होता. वीसेक मैलांवरून येतो बिचारा, चार गावांना मिळून एकच.

नंतर मी विचारलं की हा काय प्रकार. त्या म्हणाल्या, "देतो आम्ही. फेरा घालायचा आणि नाव घ्यायचं. मग तो माणूस झाडाचा." म्हणून जिवंत माणसाचं नाव घेत कुणी झाडाभोवती फिरत नाही. गावातली मुलंसुद्धा तिथे शिवाशिवी खेळताना एकमेकांना हाका मारत नाहीत, शिट्टी वाजवतात.

मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे कावळा पिंडाला शिवेपर्यंत शिकलेसवरलेले लोक ताटकळत बसतात, तेव्हा मूर्खपणाच्या बाबतीत तुम्हाला आमच्यावर कुरघोडी करता येणार नाही. कावळा काय खातो, कुणाच्या हातून खातो, असं त्यांनी फार मन लावून विचारलं. मी भात म्हटलं आणि दार लावून घेतलं.

झाड जागेवर आहे.

गुरुवार, ८ जून

कॉव्हेंट्रीहून रेखाचा फोन. रेखा म्हणजे तिथल्या महाराष्ट्र मंडळाची कायमची सेक्रेटरी. निवडणूक दरवर्षी होते, निवडून हीच येते. तिला वरदाकडून कळलं की माझ्या दारात हजार वर्षांचं झाड आहे. रविवारी वटपौर्णिमा. "सुलक्षणाताई, वड काय अन् यू काय, ओल्ड ट्री इज ओल्ड ट्री, भाव महत्त्वाचा," असं तिनं मला पटवून दिलं. गेल्या वर्षी यांनी गार्डन सेंटरमधून फायकसची कुंडी आणली होती. कम्युनिटी हॉलच्या त्या खोलीत फिरायला जागा नव्हती, म्हणून बायका उभ्या राहिल्या आणि कुंडी फिरवली. हे मी ऐकलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलं आहे.

सात जन्म हाच नवरा मागणाऱ्या या बायका मागच्या महिन्यात माझ्यासमोर त्याच नवऱ्यांच्या घोरण्याबद्दल तक्रार करत होत्या.

शेवटी रेखा घाईघाईनं म्हणाली, तुम्ही नुसत्या बसा हं ताई. विधवेला वेगळं काय सांगणार. मी म्हटलं, किटली आणि टॉयलेट वापरा, मला त्यात ओढू नका.

मिसेस प्रॉसर बांधू नका म्हणाल्या होत्या, ते मी रेखाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी ते मानते असं झालं असतं.

रविवार, ११ जून

आल्या. दोन गाड्या, सहा बायका, कॉव्हेंट्रीच्या फोल्सहिल रोडवरून घेतलेली आंब्यांची पेटी, पैठण्या आणि पैठण्यांखाली ट्रेनर्स. वरदा मिल्टन कीन्सहून परस्पर आली. मिहीर आला नाही, त्याला घरी बसून मॅच बघायची होती. नवऱ्याच्या आयुष्यासाठी बायको दोनशे मैल येऊन-जाऊन गाडी चालवते आणि नवरा सोफ्यावर. बरोबर आहे.

अडचण लगेच आली. सूत प्रत्येकीनं आणलं होतं, पण एकतीस फुटांच्या बुंध्याला सात फेरे म्हणजे दोनशेच्या वर फूट. सगळ्यांच्या गुंड्या एकत्र जोडल्या तेव्हा कुठे एकीला पुरेल एवढं झालं. मग ठरलं की सर्वांत लहान वरदा, तिनं गुंडाळायचं आणि बाकीच्यांनी हात जोडून मागून चालायचं. हळदीत भिजवलेलं सूत घेऊन वरदा पुढे, आणि मागे त्या सहा जणी मंगळागौरीला निघाल्यासारख्या. आता नाव घे, नाव घे, असा त्यांचा लकडा. आम्ही काय म्हाताऱ्या, आमची नावं ऐकून झाड झोपेल, असं एकीनं म्हटलं. वरदा लाजून पुटपुटू लागली.

मी खिडकीत चहा घेत होते. ते पुटपुटणं मला सहन होईना. मी ओरडून सांगितलं की सोंग आणलंयस तर नीट आण, ऐकू गेलं पाहिजे.

मग तिनं घेतलं, खणखणीत:

मिल्टन कीन्सच्या राउंडअबाउटला गाडी चुकते वाट,
मिहीररावांचं नाव घेते, बांधून सुताची गाठ.

टाळ्या. वन्स मोअर. सातही फेऱ्यांना तेच. सातव्याला गाठ मारली.

मागे वळले तर मिसेस प्रॉसर माझ्या दारात. ते नाव कुणाचं, मिहीर कोण, असं त्यांनी विचारलं. माझा मुलगा. जिवंत? मी म्हटलं, जिवंत आहे, चौतीस वर्षांचा आहे आणि या घटकेला चिप्स खात असेल. त्या खुर्चीत न विचारता बसल्या. त्यांचा चेहरा अगदी कणकेसारखा झाला होता. मी त्यांना आंबा दिला. त्यांनी तो हातातच धरून ठेवला.

बुधवार, १४ जून

झाडाभोवतीचं सूत मोजलं. सहा पदर. सात होते. सर्वांत खालचा नाही. खाली पडलेला नाही, तुटलेला नाही. जिथे होता तिथे सालीवर बारीक खाच आहे, एकतीस फूट गोल. पक्ष्यांनी घरट्याला नेलं असेल असं मी ठरवलं आहे.

मिहीरचा फोन. सकाळी रेडवेवर, म्हणजे त्यांच्याकडच्या पायवाटेवर, धावताना घेरी आली, एका बाकावर बसून राहिला. "आई, माझा डोकं गरगरतं." मी "माझं डोकं" म्हटलं आणि पाणी पी म्हणून सांगितलं.

सोमवार, १९ जून

पाच पदर.

आज पाचवा काढायलाच गेले. सैल होता तो पट्ट्यासारखा घट्ट झाला आहे. नख खाली जात नाही. साल कडेनं वर चढते आहे, दुधावर साय चढावी तशी. यूची वाढ वर्षाला केसाएवढी. आठवड्यात सूत गिळणारं यू कोणत्याही पुस्तकात नाही.

मिहीर हॉस्पिटलमध्ये आहे. वरदानं सांगितलं, नाडी चव्वेचाळीस. धावणाऱ्यांची असते कमी, असं म्हटलं खरं. पण मी सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्समध्ये काढली आणि चाळीस वर्षं डॉक्टर नवऱ्याच्या घरात. धावणाऱ्या माणसाची नाडी त्याला बेशुद्ध पाडत नाही.

मी तिथल्या डॉक्टरांना फोन करून यूच्या विषाची तपासणी करा म्हणून सांगितलं. डॉक्टर पोरगा सभ्य होता, असं का वाटतं विचारलं. मी म्हटलं, करा. सासूबाई टाइपची बाई आहे असं त्याला वाटलं असेल. वाटू दे.

शुक्रवार, २३ जून

मिल्टन कीन्सला जाऊन आले. मिहीर पांढरा पडला आहे. हात गार. नाडी अडतीस. तपासणीत विष नाही. काहीच नाही. सगळे रिपोर्ट उत्तम. एवढ्या उत्तम रिपोर्टांचा माणूस मी पाहिलेला नाही. उद्या पेसमेकर बसवतील.

परत आले, चार पदर.

मग पोकळीत गेले. आधी जायला हवं होतं. फळीच्या मागच्या लाकडात खोलगट आकार आला आहे. डोकं, पाठ, दोन खांदे. डावा खांदा खाली. मिहीर सहा वर्षांचा असताना कॉव्हेंट्रीच्या पार्कमध्ये घसरगुंडीवरून पडला, तेव्हापासून त्याचा डावा खांदा इंचभर खाली आहे. शिवणाच्या डब्यातली टेप आणून मोजलं.

एक इंच.

मिसेस प्रॉसरांकडे गेले. बाटल्यांवर लेबलं चिकटवत होत्या. मी सरळ विचारलं. त्यांनी लेबलं चिकटवता चिकटवताच सरळ सांगितलं. एका फेऱ्यानं मेलेला माणूस दिला जातो. जिवंत माणसाला सात लागत असावेत. कुणी केलंच नव्हतं इतके दिवस. सातवा आत गेला की संपलं. परत मागता येत नाही. मी विचारलं, मग तुम्ही झाड तोडत का नाही? त्या म्हणाल्या की सोळाशे वर्षं दिलेले सगळे त्याच्यात आहेत, तोडलं तर ते कुठे जातील.

मूर्ख बाई. गाव मूर्ख. रेखा मूर्ख. आणि खिडकीतून ओरडणारी ती बाई—

मंगळवार, २७ जून

पेसमेकर बसवला. यंत्र ठोका देतं, हृदय तो घेत नाही. तज्ज्ञांनी तार बदलून पाहिली. बत्तीस.

मी कात्री घेऊन गेले. नखं कापायची, धारदार. चारातला एक पदर जिथे जरा वर होता तिथे कापला. अकरा वाजून दहा मिनिटं, घड्याळ बघून. पात्यांवर लाल आलं. यूच्या रसाला लालसर रंग असतो, मला माहीत आहे. तो गरम नसतो. हा गरम होता. कापलेली दोन्ही टोकं सालीत शिरली, गांडुळं शिरतात तशी.

अकरा वीसला वरदाचा फोन. मिहीर वॉर्डच्या पॅसेजमध्ये कोसळला. हृदय अकरा सेकंद बंद. वेळ विचारली. दहा मिनिटांपूर्वी.

तीन उरले. एक माझ्या हातानं गेला.

शनिवार, १ जुलै

दोन.

इंग्लंड हरलं. पबमधून रडण्याचे आवाज. मोठमोठे पुरुष, चेंडूसाठी. सकाळपर्यंत झेंडे उतरले असतील.

मी विज्ञानाची पदवीधर आहे. पुरावा समोर असताना न मानणं याला विज्ञान म्हणत नाहीत, हट्ट म्हणतात. हट्टात तीन आठवडे घालवले.

पुन्हा मिसेस प्रॉसर. या वेळी मी विचारलं नाही, सांगितलं— की तुम्ही काहीतरी लपवलंय. चिकटवायला घेतलेलं लेबल हातात तसंच ठेवून बोलल्या. १९३१ साली त्यांच्या आईनं भांडणात, रागाच्या भरात, त्यांना हाताला धरून झाडाभोवती फरफटत नेलं होतं, नावानं हाका मारत. वय पाच. आई भानावर आली तेव्हा सात फेरे झाले होते. त्या वाचल्या, कारण वडील आत जाऊन बसले. झाडाला कोण ते कळत नाही, एक माणूस हवा एवढंच कळतं. पण स्वतःचं स्वतः देता येत नाही. ज्या तोंडानं आधीचं नाव दिलं त्याच तोंडानं नवं द्यायला लागतं, तितकेच फेरे. आणि देणाऱ्यानं थांबायचं नाही. मध्ये थांबलं तर दोघंही.

आधी का नाही सांगितलंत, विचारलं. म्हणाल्या, आईनं त्यानंतर आयुष्यात कुणाचंच नाव घेतलं नाही. माझंसुद्धा. ए, म्हणायची.

मी लेबल घेऊन चिकटवून दिलं. वाकडं लागलं.

बुधवार, ५ जुलै

एक. तोही अर्धा आत.

नाडी सव्वीस. मिहीरशी फोनवर बोलले. आवाज लांबून येतो. "आई, माझा पाय गार पडलेत. इथे मातीचा वास येते." मी काही दुरुस्त केलं नाही. म्हटलं, हो रे राजा, येते.

वरदाला बोलावून घेतलं. अडीच तास गाडी चालवून आली— झोप नाही, डोळे सुजलेले. स्वयंपाकघरात बसवून सांगितलं. आधी म्हणाली, आई, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. मग तिला झाडाशी नेलं. तिनं स्वतःच्या हातानं मारलेली गाठ बघितली. साल त्या गाठीवर चढत होती, बघता बघता. पोकळी दाखवली. मिहीरचा खांदा तिनं लगेच ओळखला. तिथेच बसली मातीत.

खूप रडली. मी रडू दिलं. नाही म्हणाली. पुन्हा नाही म्हणाली. म्हणाली, मी करून बसले ते एकदा पुरे नाही का, आणखी एक माझ्या हातून— आणि तुम्हाला तर मी कधी आवडलेच नाही, आणि आता तुम्हीच माझ्या डोक्यावर हे ठेवून जाणार. मी म्हटलं, खरं आहे. आवडली नव्हतीस. आणि तू केलं नाहीस, ओरडले मी होते. हे कागदावर आहे, ११ जूनला.

सासूचं नाव कसं घेऊ, म्हणाली. सातारा बोलला तिच्या तोंडून. मी म्हटलं, मिहीरचं घेतलंस तसं. ऐकू गेलं पाहिजे.

मग डोळे पुसले तिनं. सूत किती मीटर लागेल, असं विचारलं. कामाचं विचारलं. पहिल्यांदा.

गुरुवार, ६ जुलै. दुपारचे बारा

पोकळीत बसून लिहिते आहे. ऊन कडक. फटीतून वही दिसेल एवढा उजेड येतो.

रेखा मिहीरच्या खाटेशी मोबाईल घेऊन बसली आहे. वॉर्डात मोबाईलला बंदी. नियम मोडायला रेखा कायमच तयार असते, आज उपयोगी पडली. ती मॉनिटर बघून आकडा सांगणार, वरदा चालताना मला ओरडून सांगणार. वरदाच्या एका हातात सूत, एका हातात फोन. मिसेस प्रॉसर भिंतीशी उभ्या आहेत, टोपी काढून.

मागच्या लाकडाला पाठ लावली. बसत नाही. मिहीरच्या मापाचं आहे. टोचतं.

निघाली. आवाज येतो.

सुलक्षणा.

नुसतं. आई नाही, अहो नाही, ताई नाही. या देशात चाळीस वर्षं मला कुणी असं— शशिधरसुद्धा चारचौघांत नाही. आवाज चांगला आहे पोरीचा. सांगायला हवं होतं.

सव्वीसच.

दुसरा. सत्तावीस. लाकूड हललं. डाव्या खांद्याखाली भरून येतंय. गरम नाही, गार नाही. कुणी शेजारी सरकून जागा करून द्यावी तसं. पुष्कळ जण—

एकतीस.

वरदा अडखळली. ओरडले— थांबू नकोस, मूर्ख मुली, चाल! चालली. शाबास.

चौथा बहुतेक. अडतीस म्हणते. रेखा तिकडे रडते आहे, तिची रड इथपर्यंत, फोनमधून. आता पाठ बरोबर बसते. माझ्याच मापाची. पाय कुठे आहेत ते कळत नाही. बूट दिसतात.

सत्तेचाळीस. त्यानं पाणी मागितलं. माझा पाणी कुठे, म्हणाला. असंच म्हणतो तो. असंच राहू दे.

नोंद करते. सुपूर्द केलं ते असं. देणार: वरदा मिहीर खांबेटे, वय एकतीस. तिचा दोष नाही. दिलं: सुलक्षणा शशिधर खांबेटे, वय चौसष्ट, बी.एस्सी., शुद्धीत, स्वखुशीनं. मिहीर शशिधर खांबेटे याच्या बदल्यात. तो यातून पूर्ण मोकळा. खांदा, नाव, सगळं परत—

सहावा. अठ्ठावन्न.

कंबर घेतली. डावा हात घेतला. घाई नाही यांना. उजवा अजून माझा. फट बारीक दिसते का उजेड कमी

सुलक्षणा म्हणते आहे. सातवा. थांबली नाही पोर. चौसष्ट. माझं वय तेवढंच— नाडी, नाडी चौसष्ट. मिळाला. मिहीर मिळाला. वरदाला सांगा की ती मला